कर्दळीचा खड्डा

लातूरला आमच्या शेजारच्या मामांनी घरासमोर एक उथळ खड्डा केलाय. तळाला खडी आणि वाळू, वर कर्दळी. पावसात त्यांच्या छताचं पाणी त्यात उतरतं, आणि फरशी घातलेल्या माझ्या अंगणातलंही. उन्हाळ्यात मामा गाळ उपसतात, हिवाळ्यात कर्दळी छाटतात. पावसाळ्यात मात्र छत्रीचं टोक बुडवून पाणी बघत उभे राहायचे आणि मी दिसलो की म्हणायचे, "उद्यापर्यंत समदं जिरतंय बगा, सर. हाय का न्हाई?"

त्या "हाय का न्हाई"ला मी कधी उत्तर दिलं नाही. घरात डास वाढले, तेव्हा पालिकेत खड्ड्याविरुद्ध अर्ज मात्र दिला.

पालिकेचा माणूस आला तेव्हा खड्डा कोरडा होता. मग त्यानं माझ्या अंगणातल्या पिंपात डोकावून पाहिलं. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून ते पिंप मी कायम भरून ठेवतो. आत अळ्या वळवळत होत्या.

"अर्ज तुमचाच ना?" त्यानं मामांच्या देखत विचारलं.

तो गेल्यावर मामांनी पिंपातलं पाणी बादलीनं नेऊन कर्दळींना घातलं. जुन्या धोतराचा तुकडा आणून पिंपाच्या तोंडावर ताणून बांधला. "असं बांधून ठेवत जावा," एवढंच म्हणाले.

यंदाही पाऊस थांबला की मामा छत्री घेऊन खड्ड्याशी येतात. मी मुद्दाम फाटकापाशी जाऊन उभा राहतो. "जिरतंय," ते म्हणतात. पुढचं विचारत नाहीत.