घाटावरचा पाइप

आमच्या घरात एक नियम होता. नदीला दोष लावायचा नाही, आणि का असं विचारायचं नाही. माझे चुलते आबा देवळाचे विश्वस्त. ते म्हणायचे, "वाहत्या पाण्याला दोष नसतो. संपलं!" मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, तरी ते संपलेलंच होतं.

पुढे दोन वर्षं मी गावच्या नदी समितीची सेक्रेटरी होते. ठराव वहीत लिहिले, पण किस्से वहीत कुठे लिहिणार? दर सभेला एक तरी व्हायचाच. मैत्रिणी जमल्या की अजून म्हणतात, "ए, तुझ्या समितीतल्या म्हाताऱ्यांचं सांग ना!"

आमचं गाव पवनेच्या काठावर. चिंचवडकडे कारखाने वाढले, तशी गावाच्या वरच्या अंगाला रंगाची एक कंपनी आली. तिचा सांडपाण्याचा पाइप घाटाच्या जरा वर नदीत सुटला. घाटावर आमचे लोक अंघोळी करायचे, मशिदीतले नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, पाणी तिथूनच न्यायचे. घाटाच्या खाली, काठालगत, बौद्ध वस्तीची विहीर. सगळी वस्ती तीच विहीर प्यायची आणि हल्ली त्या पाण्याला वास यायला लागला होता. पाणी साफ करून सोडा, नाहीतर सोडू नका, एवढीच समितीची मागणी.

*

समिती कशी झाली ते आधी सांगते.

एका सोमवारी आबांचं पांढरं धोतर घाटावरून गुलाबी होऊन आलं. "साबण खराब व्हता," आबा म्हणाले. ते तसेच सायकलचं पंक्चर काढायला गेले. दुकान हमीदचाचांचं. मशिदीचा कारभारही चाचाच बघायचे.

चाचांच्या डोक्यावरची टोपी गुलाबी!

चाचांनी धोतराकडे बघितलं, आबांनी टोपीकडे. मग आबांनी विचारलं, "तुमचा साबण कंचा?"

*

समितीत चौघं. आबा, हमीदचाचा, बौद्ध वस्तीतले कांबळे मास्तर आणि नगरकडून आलेले फिलिपमामा. मामा त्याच रंगाच्या कंपनीत फिटर होते आणि रविवारी आपल्या भाड्याच्या खोलीत प्रार्थना चालवायचे. इंग्रजीत अर्ज लिहायला कोणी हवं होतं, म्हणून मी.

पहिल्या तीन सभा, सभा कुठे घ्यायची यातच गेल्या. देवळात मास्तर यायला तयार नव्हते. "लहानपणी बाहेर उभं केलंत, आता सभेला आत बोलावता?" म्हणाले. विहारात यायला आबांचा गुडघा दुखायचा. मामांच्या खोलीत चौथा माणूस मावत नव्हता. शेवटी जागा ठरली पिठाच्या गिरणीत. गिरणीला धर्म नव्हता, पण आवाज होता! प्रत्येक मुद्दा बोंबलून मांडावा लागायचा, त्यामुळे समितीत रोज भांडणं होतात अशी गावात बातमी.

एकदा मामा आबांच्या कानाशी ओरडत होते, "आपल्या सभेची बातमी बाहेर जाता कामा नये! माझी नोकरी जाईल!" तेवढ्यात लाइट गेली आणि गिरणी थांबली. दळणाच्या रांगेत बाया उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "न्हाई सांगत, मामा."

*

मी माझ्या जुन्या कॉलेजातून लिटमस पेपर आणला होता. निळा कागद पाइपाखालच्या पाण्यात बुडवला, लाल झाला. "आम्ल आहे," मी म्हटलं. आबांना पटेना.

"देवळातल्या तीर्थात बुडीव. तीर्थात काय दोष नसतो. लाल झाला, तर कागदच खोटा."

बुडवला. लाल झाला!

आता खरं बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "आबा, यात पंचामृत आहे. पंचामृतात दही असतं, दह्यानंही कागद लाल होतो."

आबांचा चेहरा उजळला. "मंग कंपनीनं नदीत दही सोडलं आसंल!"

*

ठराव झाला की कंपनीला सांगण्याआधी आपण आपली घाण थांबवायची. चारही ठिकाणी एकाच आठवड्यात लोकांना सांगायचं.

सांगितलं. आबांनी कीर्तनानंतर सांगितलं की ईदला नदीत काय काय टाकतात. चाचांनी नमाजनंतर सांगितलं की निर्माल्यानं घाट कसा भरतो. मामांनी दोघांसाठी प्रार्थना केली. मास्तरांनी विहारात तिघांच्याही घाणीची यादी वाचली.

मी भडकले. पुढच्या सभेत ठराव मांडला, की दुसऱ्याचं नाही, फक्त आपल्या लोकांचं बोलायचं. कुरकुर झाली, पण मंजूर झाला.

त्या आठवड्यात चारही भाषणं दोन-दोन मिनिटांत आटोपली.

*

मग अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेलो. क्लार्कनं चार सह्या बघितल्या आणि विचारलं, "मंदिराचा अर्ज आहे का मशिदीचा?"

"नदीचा," मी म्हटलं.

"तसं नाही चालत, बाई. मंदिराचं टेबल वर आहे, मशिदीचं त्या खिडकीपाशी. नदीचं टेबल नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तर हमीदचाचांनी दंड धरला. "थांब, बेटी." आणि क्लार्कला अदबीनं म्हणाले, "साहेब, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"नळाचं."

"आणि नळात कुठून येतं?"

क्लार्कनं शिक्का मारला.

*

शेवटचा किस्सा घाटावरचा.

त्या शिक्क्यानंतर वर्षभरानं कंपनीनं पत्र पाठवलं. समितीची मागणी मान्य. घाटावर यापुढे रंगाचं पाणी येणार नाही. पाइप लांबवून घाटाच्या खाली नेऊ. समितीनं संमतीपत्रावर सह्या करून द्याव्यात, चौघांच्या आणि सेक्रेटरीची.

पाणी साफ करण्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

आम्ही जागा बघायला घाटावर जमलो. कंपनीच्या माणसानं पाइप कुठे संपणार तिथे चुन्याची रेघ मारून ठेवली होती. आबा खूश. "जिंकलो! देवाचा घाट मोकळा झाला." त्यांनी तिथल्या तिथे सही केली. चाचांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, मान हलवली आणि सही केली. मामांनी कोणाकडे न बघता केली.

कांबळे मास्तर चुन्याच्या रेघेपासून चालत निघाले. विहिरीच्या काठाशी थांबले आणि तसेच परत आले. रेघेपासून विहीर पंधरा-वीस पावलांवर होती.

"मास्तर, विहिरीचं फुडं बघू," आबा म्हणाले. "आधी मिळतंय त्ये पदरात पाडून घेऊ."

"तुम्ही मला अर्जावर सही करायला बोलावलंत, तेव्हा विहीर पहिल्या ओळीत होती," मास्तर म्हणाले.

"पन समितीत एकी पायजे ना?"

मास्तरांनी पेन हातात घेतलं. "तिघांनी केली आहे. मी नाही केली, तर उद्या गाव म्हणेल बौद्धांनी मोडता घातला."

मी पत्र त्यांच्या समोरून ओढून घेतलं.

"मी सही करणार नाही."

"तुला कोन इचारतंय? तू लिवायला हायस!"

"म्हणून तर सांगते. मी यांना उलट लिहिणार आहे. पाइप आहे तिथंच राहू दे, आपल्या घाटाच्या वर. पाणी साफ होत नाही तोवर तुमचं धोतर गुलाबी होऊ दे, आबा. चाचा, तुमची टोपीही. पाइप खाली गेला, की तुमच्यापैकी एकजण तरी पुन्हा सभेला येणार आहे का? सांगा. कोण येणार?"

आबांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी मामांकडे. मामा पाण्याकडे बघत होते.

 मी मास्तरांच्या हातातलं पेन घेतलं आणि पत्राच्या मागे पहिली ओळ लिहिली, विहिरीची.