व्हर्नाच्या मागे कुणी राहत नाही

हे मी लिहिणारच नव्हते. म्हणजे दोन ओळी लिहिल्या, व्हर्नाला वाचून दाखवल्या, तर ती म्हणाली, "माझ्यावर काय लिहायचंय? मी काही केलंच नाही. नुसती उभी राहिले." मी लॅपटॉप मिटून टाकला. पण ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकते भराभर, चुका असल्या तर असू देत.

व्हर्ना थिबोडो माझी घरमालकीण. तिच्या गॅरेजवरच्या खोलीत मी राहते, कॉलेज तिथून सायकलवर. तिनं आयुष्यभर इथं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, आमच्याच गावात, शाळेची बस चालवली. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, एखादं पोर झोपून तर नाही राहिलं बघायचं, मगच किल्ली काढायची. आता रिटायर झालीय, पण ती सवय काही रिटायर झालेली नाही.

आमच्या गावात जंगलातून चालणाऱ्यांचा एक क्लब आहे. चालताना पुढे एक म्होरक्या असतो आणि सगळ्यात मागे एकजण. त्या मागच्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि कुणी रेंगाळलं तर शेपटानं त्याच्यासोबत रेंगाळायचं. व्हर्ना कित्येक वर्षं क्लबचं शेपूट आहे, आणि हे ती अशा तोऱ्यात सांगते, जसे बाकीचे आपली मुलं डॉक्टर असल्याचं सांगतात.

वसंतात तिचा गुडघा बदलला. ऑक्टोबरात क्लबची मोठी फेरी असते, धबधबा, तळं आणि गोल फिरून परत गाडीपाशी. क्लबमधल्या एका बाईंनी फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, "व्हर्ना, यंदा तू नुसते डोनट आणशील का?"

त्या दिवशी व्हर्नानं स्वयंपाकघरात भांडी इतकी आपटली की मी वरून खाली आले. तिचा मुलगा डेल जेवायला आला होता. डेल लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो, दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला. तो म्हणाला, "आई, बरोबर आहे त्यांचं."

"काय बरोबर आहे?"

"रानात मध्येच गुडघा धरला तर तुला कोण उचलणार?"

"तुझा एवढा मोठा देह मी कशासाठी वाढवला?"

शेवटी सौदा ठरला. शनिवारी आम्ही तिघांनीच फेरी मारून बघायची. तळ्याशी पोचेपर्यंत व्हर्ना लंगडली, तर तिथूनच रस्त्यानं घरी, आणि क्लबला तिनं स्वतः फोन करून सांगायचं की शेपूट दुसरं शोधा.

"आणि नाही लंगडले तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही."

"हे तर मला बघायलाच हवं," व्हर्ना म्हणाली.

मग टेबलावरच फेरी मांडली. मिठाची बाटली म्हणजे धबधबा, बशी म्हणजे तळं, सुरी म्हणजे तळ्याजवळून जाणारा कच्चा रस्ता. सगळे लोक आधी तळ्यावर जातात आणि धबधबा शेवटी ठेवतात, बक्षीस म्हणून. व्हर्नानं मीठ उचलून अलीकडे ठेवलं. "आधी धबधबा."

"आई, अगं सुरुवातीलाच तो चढ?"

"चढताना हा गुडघा कुरकुरतो, उतरताना बोंबलतो. धबधब्याच्या पायऱ्या मी चढेन, पण उतरणार नाही. पुढे सपाट, मग तळं, आणि तुला हवा तो रस्ता तिथं आहेच. तळ्यापलीकडे लाकडं ओढायची जुनी वाट, हळूहळू उतरणारी. त्या वाटेनं तर मी पाय नसता तरी आले असते."

"ए कॉलेज, तू काय म्हणतेस?" डेल मला कॉलेजच म्हणतो.

"मी सँडविच करते," मी म्हणाले. त्या दोघांच्या मध्ये कोण पडणार!

शनिवारी मस्त ऊन होतं, मेपलची झाडं लाल व्हायला लागली होती. डेल आईच्या मागून चालायला लागला, तिचा पाय बघायला. ती थांबली.

"पुढे हो. शेपूट मी आहे."

"पण मला तुझा पाय बघायचाय."

"माझ्या पायाकडे बघायला मी आहे. चल."

धबधब्याच्या पायऱ्या ओल्या, मध्ये मुळं आलेली. ती दोन्ही काठ्या टेकत एकेक चढली. मी दर पायरीला मागे वळून बघत होते. वर पोचली तेव्हा टोमॅटोसारखी लाल झालेली. "बघितलंस?" ती ओरडली.

"अजून तळं यायचंय," डेल म्हणाला आणि लांब ढांगा टाकत निघाला.

पुढे हेमलॉकची, सुईसारख्या पानांच्या उंच झाडांची दाट झाडी, भर दुपारी अंधार. एका वळणावर डेलची सॅक झाडाला टेकवलेली दिसली, वर त्याचं नारिंगी जाकीट. याचा अर्थ इथं सगळ्यांना माहीत असतो. ज्याला आडोशाला जायचंय त्यानं सॅक वाटेवर ठेवायची, म्हणजे शेपटाला कळतं की हा अजून मागे आहे. आम्ही सभ्यपणे दुसरीकडे बघत उभ्या राहिलो.

उभ्याच राहिलो. डेल येईना.

"डेल!" काही नाही. फोनला रेंज नाही.

"तो तळ्यावर गेला असणार," मी म्हणाले. "सॅक विसरला. आपण जाऊ या."

"पोरी, सॅक इथं आहे. म्हणजे डेल इथं आहे."

"व्हर्ना, तुझा गुडघा! अशी उभी राहिलीस तर आखडेल, मग तू लंगडशील, आणि मग..."

"माहितीये मला."

खरंच माहीत होतं तिला. मला दिसत होतं ना, ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती. मी म्हणाले मी आत शिरून शोधते, तर तिनं माझी बाही घट्ट धरली. "एक हरवलाय तेवढा पुरे." मग गळ्यातली शिट्टी काढली, बस चालवायची तेव्हाची. तीनदा वाजवायची, ऐकायचं, परत वाजवायची. मधेच शिट्टी ओठांपासून काढून तिनं परत डेलला हाक मारली आणि मला इतकी भीती वाटली ना, कारण तोवर मी फक्त गुडघ्याचाच विचार करत होते, आणि ती मुलाचा.

किती वेळ गेला देव जाणे. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि आम्ही ज्या बाजूनं चालत आलो होतो तिकडूनच, वाटेच्या खालून, डेल वर आला. मांडीपर्यंत चिखल, केसांत हेमलॉकच्या सुया. आडोसा शोधता शोधता, बीव्हर हा प्राणी फांद्यांचा बांध घालून पाणी अडवतो ना, तशा दलदलीत जाऊन फसला होता, वळला तर सगळी झाडं सारखीच. मला रडूच फुटलं, चांगलं हुंदके देऊन.

"थांबलात," डेल म्हणाला.

"सॅक होती ना."

"मला वाटलं पुढे गेला असाल. मग शिट्टी ऐकली."

व्हर्नानं त्याच्या केसांतली एक सुई काढली. "लहानपणी माझ्या बसमधूनही असाच उतरायचास. घरी दुसरी पँट आहे ना?"

मग ती निघाली, आणि पहिल्याच पावलाला लंगडली. तळ्यापर्यंत लंगडत आली. काठावर दगडावर बसली, डेलनं तिचा पाय आपल्या सॅकवर उचलून ठेवला. डोनट निघाले. तळ्यात लून पक्षी वेड्यासारखा ओरडला. समोरच तो कच्चा रस्ता.

"लंगडले मी," व्हर्ना म्हणाली. "ठरलं ते ठरलं. क्लबला फोन करते."

डेल मोजे पिळत होता. "मला काही दिसलं नाही. मी पुढे होतो. कॉलेज, तुला दिसलं?"

"मी रडत होते," मी म्हणाले. "मला काय दिसणार?"

व्हर्नानं आमच्या दोघांकडे बघितलं. "खोटारडे."

"लंगडं असलं तरी चालेल मला," डेल मोज्याकडे बघत म्हणाला. "थांबणारं शेपूट हवं. फोन मीच करतो. डोनट दुसऱ्या कुणाला तरी आणू दे."

पाय मोकळा झाल्यावर आम्ही जुन्या वाटेनं उतरलो, अगदी सावकाश. डेल पुढे होता, सारखा मागे वळून बघत. गाडीपाशी पोचल्यावर मी आत बसले, डेल बसला, पण व्हर्ना बसेना. ती परत चार पावलं वाटेकडे गेली आणि झाडीत डोकावून बघून आली. आम्ही तिघंच तर होतो!

तर ऑक्टोबरात क्लबची फेरी आहे, नवख्यांनाही घेतात. प्लीज जा आणि व्हर्नाला भेटा. पण पुढे पळू नका हं, भेटणार नाही ती. हळू चाला, बुटाची नाडी सुटली म्हणून थांबा, येईलच मागून. आणि यंदाच जा, कारण दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशनही तिनं ठरवलंय.