जावयाचे निळे मासे आन माझी जोडीची मोजणी

आता खरं तर हे कुणाला सांगायचंच न्हाय असं ठरवलं हुतं. पर चहा घेतलाच हाय हातात, तर ऐका. हसायचं न्हाय! हसला तर उठून जाईन, आदीच सांगतो.

आमी वळसंगचं. शेरडं पाळतो. लेक दिली सोलापुरात. जावयाला नाद समुद्राच्या माशांचा. घरात ही भली थोरली काचेची पेटी, मिठाचं पाणी, आन त्यात दोन जातीचं मासं, निळं आन पिवळं. दोगं दोन दिवस गावाला निघाली. राखणीला कोण? मी!

जाताना जावई म्हणला, "मामा, दोनी जाती आपापल्या कळपानं ऱ्हात्यात. खाणं तेवडं टाका. आन एकबी कमी हुऊ देऊ नका हां, लई जपलेत."

झालं! दोन कळपांची शेरडं एका वाड्यात कोंडली तर शिंगं मोडत्यात. हितं काय हुईल?

मग सोफ्यावर बसून मोजून घेतलं. शेरडं मोजतो तसं, जोडीनं. पिवळं मधी, पाच. निळं सगळं कोपऱ्यात, काचेला चिकटून. एक जोडी, दोन जोडी… सहा जोड्या. बारा!

सकाळी खाणं टाकायला पेटीम्होरं उभा ऱ्हायलो. निळं किती? सहा!

परत मोजलं. सहाच! घाम फुटला की वो. लेकीला काय तोंड दाखवू? पिवळ्यांकडं बघितलं, तर पोटं फुगल्यालीच दिसायला लागली मला! लेकीची भाजीची प्लास्टिकची टोपली पाण्यात सोडली आन पाचीच्या पाची आत कोंडलं.

मग वाटलं, एवडंसं पिवळं, एवडंच निळं. ह्यांच्या पोटात मावलं कसं? तेवड्यात खिडकीत शेजारच्या रजियाभाभीची मांजर. मिशा चाटत! माझं डोस्कंच फिरलं.

"ओ भाभी! तुमच्या मांजरीनं सहा मासं खाल्लं!"

"क्या बात करते चाचा? मेरी बिल्ली दूध बी ठंडा करको मंगती. खारे पानी में हात डालती क्या?"

"मग उडून गेलं व्हय?"

"चलो, दिखाव मेरे कू!"

तरातरा आली, सोफ्यावर बसली. "बारा तो हैं की!"

"सहा!" मी पेटीपाशी उभा.

"बारा!"

"डोळं तपासा, भाभी!"

"तुमी हितं बैठ को देखो पैले!"

बसलो. बारा. उठलो. सहा. बसलो. बारा! माझी शेरडं असली करणी करत न्हाईत! चार उठाबशा झाल्यावर गुडघं बोलाय लागलं.

भाभी हसून लोळायची बाकी. "चाचा, बाजू की कांच में परछाई है, बैठे तोच दिखती. हर मच्छी के बाजू में उसीच का फोटू!"

आरं देवा! मासा एक, पडछाया एक, आन मी जोडी मोजत बसलोय!

तेवड्यात फोन वाजला. लेकीचा, तोंड दिसणारा.

"आप्पा, मासं बरं हायत न्हवं?"

मागनं जावई डोकावला. "मामा, पिवळं टोपलीत का?"

पेटीच्या काचेत बघितलं, तर तितंबी माझ्यासारखाच एक फोन धरून, आ वासून उभा.

म्हणलं, "जावईबापू, निळं सहा, पिवळं पाच, एकबी कमी न्हाय. येड्यांची तेवडी जोडी भरली!"