चिमटीत धरलेली नोटीस

पेणकरबाई आमच्या पुनर्वसन कार्यालयातला कुठलाही कागद दोन बोटांच्या चिमटीत धरायच्या, मेलेला उंदीर उचलावा तसा. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातल्या. सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. बाहेर जाणारी प्रत्येक नोटीस त्या आधी चहावाल्या सखूबाईंना वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "कळलं का, उद्या कुठं जायचं ते?" सखूबाईंची मान हलली नाही तर कागद आमच्या टेबलावर परत. वर नाक मुरडून, "शी! हे माणसानं माणसाला लिहिलंय?"

मी कॉम्प्युटरवर तक्ते करायचो. खाडीकाठची घरं हलवायची होती त्या वर्षी मी सतरा रकान्यांची एक नोटीस केली. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, शेरे, परिशिष्टं आणि दर परिशिष्टाला बारीक अक्षरात तळटिपा. सुनावणीची तारीख त्यातल्याच एका तळटिपेत होती. बाईंनी नोटीस परत आणली. मी म्हणालो, माहिती तर सगळी आहे की आत.

"विहिरीत पाणी असतंच रे. पोहरा कुठाय?"

साहेबांना घाई होती. सखूबाईंची परीक्षा या वेळी नको, असं त्यांनी बजावलं आणि नोटीस गेली. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

सुनावणी होऊन दोन दिवस झाल्यावर हिराबाई कोळीण आली. नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. तिच्या राहत्या घरापुढे आमच्या यादीत 'बंद' असा शेरा पडला होता. तो सुनावणीत दुरुस्त झाला नाही, तर घराच्या बदल्यात भूखंड नाही. साहेब म्हणाले, नोटीस रीतसर दिली होती, वाचायला हवी होती.

"वाचून घेतली, सायेब. गुरुजींकडून, दोनदा. नाव घावलं माजं. तारीख नाय घावली."

बाईंनी ती नोटीस माझ्यापुढे टाकली आणि हिला तारीख दाखव म्हणाल्या. मी पानं उलटत राहिलो. पुढे गेलो, मागे आलो. नोटीस माझ्याच हातची आणि तारीख मलाच सापडेना. हिराबाई माझ्या बोटाकडे बघत होती, साहेब मोबाइलमध्ये. साहेबांची किळस आली आणि त्याहून जास्त माझी.

बाईंनी तिच्यासाठी तीन ओळींचा अर्ज लिहिला; नोटीस माझ्या खणात राहिली. यादी अंतिम झाली आहे, असं उत्तर आलं. पावसाळा संपल्यावर घर पाडलं. भूखंड मिळाला नाही.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे इस्रायलला जायला निघाल्या. निरोपाला साहेबांनी त्यांच्या हातून किती कागद गेले त्याचा तक्ता वाचून दाखवला. बाईंनी तोही चिमटीत धरून माझ्या हाती दिला.

"हा फेकून दे. हिराबाईची नोटीस मात्र खणात वरच ठेव. खण उघडलास की घाण वाटली पाहिजे."

ती अजून वरच आहे. घाण वाटते.