नर्सरीतला लोडर आणि मी दिलेला अंगठा

"मॅडम, रागवू नका, पण तुमचं ड्रॉइंग आम्ही जरा बाजूला ठेवलंय."

नीलेशचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच लोडरची चौदावी शीट काढत बसलेले.

"बाजूला म्हणजे? कोणी ठेवलं?"

"म्हणजे मीच म्हटलं तसं. जेरोमभाऊंनी वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढूनच टाकलं सगळं. काल कापायला पण घेतलं. तुमचं चालू दे, मॅडम, उपयोगी पडेलच."

तुमचं चालू दे! मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बरं वगैरे काही नव्हतं, अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

मी सव्वीस वर्षं ठाण्यातल्या एका मोठ्या कंपनीत लोडर डिझाइन केले. रस्त्याच्या कामावर माती उचलणारी पिवळी मशीन दिसतात ना, तसले. व्हीआरएस घेतल्यावर नौपाड्यातल्या घरीच टेबल टाकलं आणि छोटी कामं घ्यायला लागले. नीलेशचं काम त्यातलंच. कल्याण-शीळ रोडवरून आत गेलं की त्याची रोपांची नर्सरी आहे. तिथे माती, शेणखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, सगळं घमेल्याने इकडून तिकडे जायचं. त्यात त्याच्या वडिलांची, अण्णांची, कंबर कामातून गेलेली. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. अण्णा मान हलवायचे आणि पुन्हा घमेलं उचलायचे.

त्यांच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर होता, द्राक्षबागेत दोन ओळींमधून जातो तसला. नीलेशला त्याच्यावर लोडर बसवायचा होता. म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी हात, हातांच्या टोकाला बकेट, आणि हे सगळं वरखाली करायला तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर. त्याला बाजारात जे लोडर दिसले ते सगळे मोठ्या ट्रॅक्टरचे. त्याच्या बारक्याला घरीच बनवणं भाग होतं. डिझाइन मी करायचं आणि बनवायचं जेरोमने, असं ठरलेलं.

जेरोमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप कळव्याला. नर्सरीचे शेड, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड, सगळं त्याच्याच हातचं. पन्नाशीचा, अंगाने भक्कम, नववीपर्यंत शिकलेला. त्याला मी एकदाच भेटले होते आणि तेव्हा मनात म्हटलेलं, चला, निदान वेल्डिंग तरी नीट करेल.

दुसऱ्या दिवशी मी कळव्याला जाऊन थडकले. जमिनीवर खरंच खडूने पूर्ण मापाचा ट्रॅक्टर काढलेला. चाकं, बॉनेट, त्यावर लोडरचे हात. मी नाक मुरडलं.

"जेरोम, बकेटच्या लेव्हलचं काय केलंत?"

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता. हात वर जातात तशी बकेट हळूहळू मागे कलते. काही केलं नाही तर वर गेल्यावर सगळी माती चालवणाऱ्याच्या डोक्यावर. म्हणून एक जोडदांडा टाकावा लागतो, आणि त्याची टोकं नेमकी कुठे बसवायची हे काढायला मला कॉम्प्युटरवर चार दिवस लागले होते.

जेरोमने कपाटावरून एक पुठ्ठा काढला. मिठाईच्या खोक्याच्या पट्ट्या आणि त्यांना खिळे टोचून केलेले सांधे. त्याने पट्टी वर उचलली. पुठ्ठ्याची बकेट सरळच्या सरळ वर गेली.

"एका दुपारी जेवून बसलेलो, तेव्हा जमलं," तो म्हणाला. "बघा ना मॅडम, काय चुकतंय काय?"

मी माप घेतलं. माझ्या शीटवरच्या जागेत आणि त्याच्या खिळ्यात जेमतेम बोटभर फरक होता. आणि खरं सांगते, त्याची जागा जास्त चांगली होती. माझी बकेट शेवटच्या फूटभरात जराशी कलत होती, त्याची कलत नव्हती.

मी म्हणाले, "ठीक वाटतंय."

कळव्याहून घरी येईपर्यंत माझा जळफळाट चालू होता. कंपनीत माझ्या वरच्या खुर्चीत दोन माणसं बसून गेली. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही, कारण त्यांना माझ्याइतकं येत नव्हतं. ह्याला येत होतं. तेही मिठाईच्या खोक्यात, जेवणानंतर. हेवा कशाला म्हणतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

पुढचे दहा दिवस व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. ग्रुपमध्ये आम्ही तिघंच. जेरोम फोटो टाकायचा, नीलेश "एक नंबर भाऊ" लिहायचा, आणि मी अंगठा द्यायचे. ह्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. जेरोमकडे एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचा किंवा इंजिनियरचा अंगठा आल्याशिवाय तो पुढच्या कामाला हात लावायचा नाही. कंपनीत आमच्या ड्रॉइंगवर खाली "चेक्ड बाय" असा चौकोन असायचा. त्यात सही करायच्या आधी मी एकेक आकडा तपासायचे. जेरोमच्या लेखी माझा अंगठा म्हणजे तो चौकोन. हे मला पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास शेवटचा फोटो आला. लोडर ट्रॅक्टरवर चढलेला, पिवळा रंग मारलेला, बाजूने काढलेला फोटो. खाली लिहिलेलं: "मॅडम एकदा बघून घ्या. रविवारी मला चर्च आहे, उद्या ट्रायल करू."

मी फोटो मोठा केला आणि मला दिसलं. मागे काहीच नव्हतं.

लोडर म्हणजे बागेतला सी-सॉ. मधे पुढची चाकं, एका बाजूला भरलेली बकेट, दुसऱ्या बाजूला सगळा ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर जड असतो, तो सांभाळून घेतो. छोटा हलका. बकेट भरून वर नेली की त्याची मागची चाकं अधांतरी होतात, आणि जागा उताराची असली तर गाडी एका अंगावर जाते. म्हणून मागे नांगर जोडतात तिथे वजनाची पेटी टांगायची असते. तिला आम्ही बॅलास्ट म्हणतो. माझ्या अकराव्या शीटवर ती पेटी होती, किलोच्या आकड्यासकट. पण शीटा बाजूला ठेवल्या होत्या ना! जेरोमने आयुष्यात शेड आणि गेटं केली होती. ती जागची हलत नाहीत. बॅलास्ट त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मी लिहिलं, "मागे वजन कुठे आहे?"

मग ते पुसलं.

का पुसलं ते सांगते. मला वाटलं, होऊ दे उद्या ट्रायल. रिकामी बकेट वर जाईल, मग थोडं कोकोपीट भरतील, ट्रॅक्टर जरा डुगडुगेल, दोघं एकमेकांकडे बघतील. आणि मी शांतपणे अकरावी शीट काढून समोर ठेवीन. एकदा, फक्त एकदा, त्याला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं मला. मी अंगठा दिला.

शनिवारी सकाळी मी नर्सरीत पोचले ती शीटची गुंडाळी काखेत मारूनच. अण्णा आधीच ट्रॅक्टरवर बसलेले. चालवणार ते, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरं कोण चालवणार? पण आदल्या दिवशी फोटो बघताना ती सीट मला रिकामीच दिसली होती.

रिकामी बकेट वर गेली, खाली आली. नर्सरीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नीलेशने व्हिडिओ काढला. अण्णांचा चेहरा असा फुललेला की विचारू नका.

"आता कोकोपीट घ्या, अण्णा," नीलेश म्हणाला.

"कोकोपीट काय घेवाचा? तो पोरीबी उचलतान," म्हणत अण्णांनी ट्रॅक्टर थेट लाल मातीच्या ढिगाकडे वळवला. टँकरचं पाणी सांडून ढीग ओला झालेला. म्हणजे दुप्पट जड.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आलेही. पण जेरोम बाजूलाच उभा राहून हसत होता आणि मला वाटलं, अजून थोडं. ढिगापाशी जमीन सपाट आहे, अजून एक मिनिट थांबू.

अण्णांनी बकेट शिगोशीग भरली, पार वर नेली आणि वळले. वळणावर टाकीचं पाणी जायला केलेला उतार होता. डावं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, आधी चार बोटं, मग वीतभर.

"अण्णा, बकेट खाली! खाली सोडा!" मी किंचाळले.

अण्णांनी घाबरून ब्रेक दाबला. नेमकं तेच करायचं नसतं, सगळा भार आणखी पुढे येतो. चाक हातभर वर गेलं. नीलेश जागच्या जागी खिळला. आणि जेरोम धावत गेला, मागे नांगर लावायच्या दांड्यांवर चढला आणि उचललेल्या बाजूला आपलं सगळं अंग टाकून लटकला. नव्वद किलोचा माणूस. ट्रॅक्टर उलटला असता तर तोही गेला असता.

चाक खाली आलं. अण्णांचा हात लिव्हरवर गेला आणि बकेट धाडकन आपटली. पुढच्या अ‍ॅक्सलची पिन वाकली. अण्णांचं मनगट स्टिअरिंगवर आदळलं.

नीलेशने अण्णांना खाली उतरवून पाणी दिलं. शेजारच्या गाळ्यातला माणूस त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेला. नीलेश पण निघत होता, पण जेरोमने त्याला हात धरून थांबवलं.

"माझी चुकी हाय," जेरोम म्हणाला. "मागे वजन पायजे होतं. माझ्या डोक्यातच नाय आलं."

"पण मॅडमनी अंगठा दिलेला ना?" नीलेश माझ्याकडे बघत म्हणाला.

"फोटोत त्यांना काय दिसणार? मी समोरून काढलेला."

मी म्हटलं ना, फोटो बाजूने काढलेला होता. तो घाबरून विसरला होता की मला सांभाळून घेत होता, मला आजतागायत माहीत नाही. गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याच्या माथी लागून.

"बाजूने काढलेला," मी म्हणाले. "मला दिसलं होतं. मी लिहून पुसलं."

नीलेशला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मला कालपासून माहीत होतं."

नीलेशने माझ्याकडे पाठ फिरवली. स्कूटरला किक मारली आणि डॉक्टरकडे गेला. जेरोम खाली बसून वाकलेली पिन बघायला लागला. मी वाट बघत होते की त्याने मला चार शिव्या द्याव्यात.

"किती वजन टाकायचं ते सांगा," तो म्हणाला.

मी काखेतली गुंडाळी सोडली आणि अकरावी शीट त्याच्या हातात दिली. देताना मान वर करता आली नाही.

आठवड्याभरात त्याने पेटी बनवली. प्लॅस्टिकचा ड्रम उभा कापून त्यात काँक्रीट भरलं आणि बाहेरून अँगलचा सांगाडा घातला. माझ्या ड्रॉइंगमधल्या लोखंडी पेटीपेक्षा सोपी आणि काढायला-घालायला सोयीची युक्ती. मला पुन्हा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? ह्या वेळी मी प्रत्येक जोड हाताने हलवून बघितला आणि जे वाटलं ते वाक्यात लिहून ग्रुपवर टाकलं. अ‍ॅक्सलची पिन नवीन बसवली. उताराची जागा नीलेशने भरून सपाट केली.

दुसरी ट्रायल जेरोमने स्वतः चालवली. ओली माती, शिगोशीग बकेट. मागची चाकं जमिनीला चिकटून राहिली. अण्णा मनगटाला प्लास्टर घालून खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. नीलेशने त्यांना सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्या बघण्यावरून कळत होतं.

"बाय, तुला दिसला होता, मंग सांगला का नाय?"

"जेरोमला जमलं म्हणून, अण्णा. माझ्यापेक्षा चांगलं जमलं. मी जळले."



"जलाचा होता त जलाचा," ते म्हणाले. "पन मना आदी खाली उतरवाचा ना गो."



लोडर आजही चालतो आणि अण्णाच चालवतात. आजूबाजूच्या नर्सरीवाल्यांनी बघून तसाच मागितला. फोन अर्थातच जेरोमला जातात. तो फोटो काढून मला पाठवतो आणि बघून घ्या म्हणतो. फोटो उघडला की पोटात दुखतंच, अजूनही. फक्त आता उत्तर लिहायच्या आधी मी त्याला एक गोष्ट विचारते: हे चालवणार कोण, त्याचं नाव सांगा.