दिव्याखालचं दही

परभणी स्टेशनवर गाडी यायची होती आणि आबा माझी मोठी बॅग दोन्ही पायांत धरून उभे होते. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात माझे वडील कापसाचं गाठोडंही असंच धरून उभे राहतात. माय मात्र माझ्या पर्समध्ये हात घालून काहीतरी कोंबत होती. काढून पाहिलं तर प्लास्टिकच्या पिशवीत एक कडक, पांढरट चिंधी. घरच्या दह्यात बुडवून सावलीत वाळवलेली. "कोमट दुधात बुडीव, दही लागतंय. पर गारठ्यात ठेवू नको, ऊब पाह्यजे त्याला," ती म्हणाली. लग्न होऊन मी अमेरिकेला निघाले होते, नवरा आधीच तिकडे पोचला होता, माझं सगळं लक्ष पासपोर्टकडे, आणि माझी आई मला दह्याचं सांगत होती. गाडी हलली तरी खिडकीशी चालत ती तेच सांगत राहिली.

त्या दिवशी ज्यांनी मला निरोप दिला ते, आणि माझ्यासारखेच घर सोडून कुठेकुठे जाऊन बसलेले, तुम्हा सगळ्यांना मला गेल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट कधीची सांगायची आहे. अजूनही सांगताना हसू आवरत नाही.

आम्ही डॅलसजवळ राहतो. टेक्सासचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्याच्या तोंडात मारेल असा असतो. गावाकडे आमचा पत्र्याचा कूलर होता. त्यात बादलीने पाणी भरायचं, वाळा बदलायचा, आणि लाइट गेली की अंगणात येऊन बसायचं. इथे भिंतीवर एक छोटा डबा आहे, थर्मोस्टॅट. तो भोवतालची हवा मोजतो. आपण ठरवलेल्या आकड्यापेक्षा हवा तापली की स्वतःच एसी चालू करतो, थंड झाली की बंद करतो. मोबाईलवरूनही दिसतो. पहिल्यांदा मी हे आबांना फोनवर समजावलं तेव्हा ते एका वाक्यात समजले, "म्हंजे आपल्या मोटरीचं ऑटो." आमच्या विहिरीवरच्या पंपालाही ऑटो आहे. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, मग माणूस झोपलेला असो की लग्नाला गेलेला.

आबांचा फोन कायम एकाच प्रश्नाने संपायचा, "घरी कवा येतीस?" मी जिथे राहत होते ते त्यांच्या तोंडी नुसतं 'तिकडं' होतं. तिकडं पाऊस हाय का, तिकडं भाजी मिळती का. मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तिकडंच वाटायचं.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच विमानात बसून माझ्याकडे आलं. माय एकटी आली. शेतीमुळे आबांचा पाय निघाला नाही. बॅगेत ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी, आणि पुन्हा एक वाळवलेली चिंधी. पहिल्या चिंधीचं दही मी दोनेक वर्षं जपलं होतं, पुढे नोकरीच्या धावपळीत ते गेलं आणि दुकानातल्या डब्यांवर भागू लागलं. आता मात्र मला एकच डोहाळा लागला होता. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि घरचं घट्ट दही. डब्यातल्या दह्याने जीभ शांत होईना. मायला मी ते आल्या दिवशीच सांगितलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यापासून आमच्या घराचं डोकं फिरलं.

ऑफिसात बसून मी मोबाईल पाहायची तर घर तापलेलं दाखवायचं आणि एसी सलग चालू. वाटायचं, माय उकाड्यात बसली असेल. संध्याकाळी दार उघडावं तर आत हुडहुडी. माय दोन स्वेटर आणि मफलर घालून सोफ्याच्या कोपऱ्यात, बाहेर रस्त्याचं डांबर वितळायला आलेलं. अभयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, थर्मोस्टॅटची बॅटरी बदलली. फिल्टर बदलला. मी सगळं वेळापत्रक पुसून नव्याने घातलं. आबांनी व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, "ऑटो काढून टाका. ऑटोनं माझी मोटर दोनदा जाळली." पण टेक्सासच्या दुपारी एसी हाताने चालूबंद करत कोण बसणार? शनिवारी दुरुस्तीवाला आला, त्याने डबा उघडला, वायरी तपासल्या, आपल्या यंत्राने हवा मोजली आणि सगळं बराबर आहे म्हणून निघून गेला. शनिवारी खरंच बराबर होतं. रविवारीही. सोमवारी आम्ही ऑफिसला गेलो की पुन्हा तेच.

त्या आठवड्यात मायने विचारलं, "वर्षे, माजं तिकीट थोडं अलीकडं घेता यील का गं? आबांच्या भाकरीचे हाल होऊन राहिले." आबांना भाकरी करून द्यायला शेजारची काकू होती, हे मला माहीत होतं. मायचे गुडघे थंडीने धरले होते, जिन्यावरून उतरताना ती भिंत धरत होती. पण लेकीच्या घरी तक्रार करायची नाही, काही मागायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. जावयासमोर तर ती गार वाजतंय हेसुद्धा बोलली नाही. मी तिकिटाचं उद्यावर ढकलत राहिले. ती गेली तर बाळ यायच्या वेळी माझ्याजवळ आईच नसणार होती, आणि तिला थांबवायचं तर आधी घर नीट व्हायला हवं होतं.

मग एका दुपारी दवाखान्यातल्या तपासणीतून लवकर सुटले आणि ऑफिसला न जाता थेट घरी आले. दार उघडलं, गारव्याची लाट अंगावर आली, आणि समोरच्या अरुंद बोळात मला भर दुपारी पिवळा उजेड दिसला.

चपलांच्या कपाटावर अभयचा जुना टेबललँप लावलेला. त्याच्या खाली मायने सोबत आणलेला आबांचा जुना टॉवेल गुंडाळलेलं पातेलं. आणि लँपच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, भिंतीवर थर्मोस्टॅट.

माय स्वयंपाकघरातून आली आणि चोरी सापडल्यासारखी उभी राहिली. "दही लागंना गं," ती म्हणाली. "दोनदा लावलं, दोनदा दूधच. तुला सांगून काहून तकलीफ द्यायची? साऱ्या दिव्यांस्नी हात लावून पाह्यला, ह्यो एकच तापतो. अन् वारं न लागणारी जागा घरात ही एकच." सुट्टीच्या दिवशी आम्ही घरी, म्हणून तेव्हा ती लँप बाहेर काढतच नव्हती. आम्ही संध्याकाळी यायच्या आत पातेलं आणि लँप दोन्ही जागच्या जागी ठेवून द्यायची.

मला तिथेच खाली बसून हसू आलं. वारं न लागणारी जागा म्हणूनच तर घर बांधणाऱ्यांनीही थर्मोस्टॅट तिथे लावला होता. लँपची ऊब त्या डब्याला लागत होती, डबा समजत होता घर पेटलंय, एसी जोर करत होता. घर जितकं गारठेल तितकं दही लागेना, आणि दही लागेना म्हणून माय लँप आणखी जवळ ओढत होती. मी बटण बंद केलं, पातेलं उचललं आणि आम्ही दोघी मोबाईल घेऊन बोळातच बसलो. आकडा हळूहळू उतरू लागला. मायला इंग्रजी आकडे येतात. ती एकेक मोठ्याने वाचत होती, आणि मधेच वरची घरघर थांबली. घर एकदम गप्प झालं. "बंद पडलं का?" मायने घाबरून विचारलं. मी म्हटलं, "न्हाई माय, बरं झालं." मी तिला मिठी मारली, मधे पोट येत होतं तरी.

पातेलं आम्ही ओव्हनमध्ये ठेवलं, ओव्हन न पेटवता, नुसता त्याच्या आतला दिवा लावून. संध्याकाळी काढलं तर दही असं घट्ट की पातेलं कलंडलं तरी हलेना. भाकरी, ठेचा आणि दही घेऊन मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवले. अभयही न सांगता शेजारी उभा राहिला. मायने दुसरा स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. तिकिटाचा विषय तिने परत काढला नाही. तिकडे उजाडल्यावर आबांना सगळं सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले, आणि शेवटी म्हणाले, ऑटोचा दोष न्हवता तर.

लेक झाली तेव्हा माय माझ्या उशाशी होती. त्या रात्रीविषयी मी इथे लिहिणार नाही, ती आमची दोघींची आहे.

मायच्या परतीच्या दिवशी विमानतळावर बॅग पायांत धरून मी उभी होते. माय पर्स उघडून मला दाखवत होती. प्लास्टिकच्या पिशवीत कडक, पांढरट चिंधी, माझ्या दह्यात बुडवून माझ्याच बाल्कनीत वाळवलेली. आबांनी एकट्याने घरचं विरजण कधीच घालवून टाकलं होतं. आत जाताना ती मागे वळून वळून बघत होती आणि या वेळी निरोपाचा हात मी हलवत होते. मागे राहणाऱ्याला काय वाटतं ते मला तिथे कळलं.

चार दिवसांनी आबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं पातेलं दिसलं, मग ते त्यांनी उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला नाही. मी वाट बघत होते, आता विचारतील, घरी कवा येतीस.

"वर्षे," आबा म्हणाले, "तुझ्या घरचं दही लई ग्वाड हाय."