गित्त्यांचे दोन्ही हात

आधीच सांगते, पुढच्या किश्श्यांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ज्या चित्रीकरणाचा उल्लेख येईल, तेही मला पाहायला मिळालेलं नाही. पण लातूरच्या पोलीस वसाहतीत राहिलं की किस्से आपोआप साचतात, आणि नवऱ्यांच्या छातीवर कॅमेरे आल्यापासून तर ते आवरेनासे झाले आहेत. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. शासनाचं उत्तरदायित्व हा माझा विषय. तरी सगळ्यात चांगले किस्से घडतात ते शेजारच्या सुरेखावहिनींच्या घरी. याचा मला हेवा वाटतो.

*

त्यांचे यजमान हवालदार गित्ते. पूर्वी त्यांचा आवाज चौकाच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा. कॅमेरा मिळाला त्या दिवशी त्यांनी ट्रिपल सीट निघालेल्या एकाला थांबवून विचारलं, "दादा, आपण गाडी जरा बाजूला घेता का?"

तो माणूस पांढराफटक पडला. "साहेब, खरं सांगा, घरी कुनी गेलं काय?"

*

हे कळल्यावर सुरेखावहिनी भडकल्या. "रस्त्यावरच्या लोकायला 'आपण', अन् मला 'ए, च्या टाक'!"

त्या संध्याकाळी त्यांनी कोटाचं एक मोठं काळं बटण पदरावर टाचलं आणि दार उघडलं. गित्त्यांनी बटणाकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चहा मिळेल का, मॅडम?"

माझे पती प्रकाश गित्त्यांच्याच ठाण्यात आहेत. ते मुळातच हळू बोलतात. आमच्या घरी बटणाचा काही उपयोग नव्हता!

*

माझी बहीण नांदेडला असते. मेहुणे वाहतूक शाखेत. हदगावकडून आलेला एक जीपवाला त्यांच्यावर ओरडला, "मी कोन हाय माहीत हाय का? भाऊंचा मानूस!"

मेहुणे म्हणाले, "बोला, बोला. रेकॉर्ड होऊन राहिलंय."

जीपवाला थबकला. "हे भाऊ बी बघू शकतेत?"

"शकतात की."

"मग पावती फाडा. भाऊचं नाव तेवढं काढून टाका!"

बहिणीने हे मला तीनदा फोन करून सांगितलं. तिसऱ्यांदा मी तास असल्याचं सांगून फोन ठेवला. तास नव्हता.

*

छातीवरच्या कॅमेऱ्यात तो लावणारा स्वतः दिसत नाही. म्हणून ठाण्यातल्या साहेबांनी नियम केला की जोडीने उभं राहायचं आणि एकाने दुसऱ्याला टिपायचं. प्रकाश आणि गित्ते यांची जोडी लागली. पहिल्याच नाकाबंदीत दोघे इतकं मन लावून समोरासमोर उभे राहिले, की मधून एक ट्रॅक्टर निघून गेला!

साहेब म्हणाले, "लग्न लागून राहिलंय का तुमचं? अंतरपाट आणू?"

*

मग औशाच्या बाजारात जागेवरून दोन भाजीवाल्यांची जुंपली. सोडवायला ही जोडी गेली. नंतर एका भाजीवाल्याने तक्रार दिली की पोलिसाने मागून थोबाडीत मारली. कोणत्या पोलिसाने, ते त्याला सांगता येईना. चौकशी दोघांवरही लागली.

प्रकाश घरी येऊन म्हणाले, "मी हात उचलला नाही."

"मग कोणी?"

"रेकॉर्डिंग आहे ना," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

रेकॉर्डिंग तपासलं गेलं. प्रकाशच्या कॅमेऱ्यात गित्ते पाठमोरे, गर्दीला मागे रेटताना, दोन्ही हात पसरलेले. मग चपराकीचा आवाज. तक्रारदार, त्याच्याशी भांडणारा आणि प्रकाशचे हात, सगळं चौकटीबाहेर. गित्ते सुटले.

सुरेखावहिनी पेढे घेऊन आल्या. "तुमच्या साहेबांच्या कॅमेऱ्यानंच वाचवलं बघा यांना, ताई! दोन्ही हात कसे साफ दिसतेत म्हणं!"

मी पेढा बशीत ठेवून दिला. त्या बाईला आपल्या नवऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरली नव्हती. मला होती.

"आणि गित्त्यांच्या कॅमेऱ्यात काय आहे?" मी विचारलं.

"निस्ती गर्दी. यांचं तोंड तिकडं व्हतं ना." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आवाज येतो, अन् समोरची एक म्हातारी गपकन डोळे मिटते. तिनं पाह्यलं असंल."

"कोण ती?"

"कोनाला म्हाईत? किल्लारीच्या जीपमधी बसून गेली म्हणतेत."

प्रकाशची चौकशी चालू आहे. त्या म्हातारीचं नाव अजून कळलेलं नाही.